टेंभलीतला क्रमांक आणि घरातला फोन

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी, देशातला पहिला आधार क्रमांक रंजना सोनवणे यांना देण्यात आला. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि बारा आकडे. एका माणसाची ओळख दुसऱ्याच्या ओळखीत मिसळू नये, यासाठी हा खटाटोप होता. त्याआधी दहाएक महिने, डिसेंबर 2009 मध्ये, गूगलनेही माणसं वेगळी ओळखायला घेतली होती. खात्यात लॉग-इन न केलेल्यांनाही त्यांच्या मागच्या 180 दिवसांतल्या शोधांवरून निकाल दाखवू, असं कंपनीने जाहीर केलं. फरक एवढाच की आधारने शरीर ओळखलं, गूगलने यंत्र.

हा फरक सातपुड्याच्या पायथ्याशी फार मोठा होतो. इथे एक फोन अनेकदा सगळ्या घराचा असतो. सकाळी वडील त्यावर मिरचीचा भाव बघतात, दुपारी मुलगी पोलीस भरतीचे प्रश्न सोडवते, रात्री आजी अहिराणी गाणी ऐकते. या सगळ्यांना एकत्र कालवून यंत्र एक माणूस तयार करतं, जो त्या घरात राहतच नाही. मग त्याच्या आवडीच्या बातम्या सगळ्यांना वाढल्या जातात. भरतीची तारीख शोधणाऱ्या मुलीपुढे दुसऱ्याच कुणाच्या कुतूहलाचा ढीग येतो, आणि तिला हवं ते खाली कुठेतरी राहून जातं.

गूगलच्या पांढऱ्या पानावरच्या एका चौकटीला आपण साधेपणा म्हणतो. मला ते पुरेसं वाटत नाही. एकच प्रश्न दोघांनी विचारला तर दोघांना एकच उत्तर मिळावं, आणि वेगळं मिळालंच तर का, ते कळावं. हा खरा साधेपणा. पान मोकळं राहिलं, पण हा साधेपणा गेला. एली पॅरिसर यांनी 2011 मध्ये ‘द फिल्टर बबल’ या पुस्तकात प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळण्याच्या याच धोक्याकडे बोट दाखवलं होतं.

जागेप्रमाणे उत्तर बदलण्याचा उपयोग आहे, हे मान्य. धडगावच्या शेतकऱ्याला गुंटूरचा मिरचीचा भाव नको, नंदुरबारच्या बाजार समितीचा हवा. पण ‘नंदुरबार’ एवढा एक शब्द त्याने लिहिला की काम होतं. त्यासाठी त्याचा सगळा इतिहास साठवायची गरज नाही. शिवाय जागाही नेहमी खरं सांगत नाही. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे, अर्धा गुजरातेत. फलाटावर उभ्या प्रवाशाला कुठल्या राज्याच्या बातम्या हव्यात, हे त्याच्या पायाखालच्या जमिनीवरून कसं ठरवणार?

गाण्यांची निवड ज्याची त्याची असू द्या. बातमीचं तसं नाही. नंदुरबार जिल्ह्यातले अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली येतात. 1996 च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला जमीन, गौण वनोपज, गावाचा विकास यांवर बोलायचा हक्क दिला. तो हक्क वापरायचा तर सभेत बसलेल्यांच्या कानावर निदान तीच माहिती गेलेली असावी लागते. वनहक्क दाव्यांची बातमी एकाच्या फोनवर आली आणि शेजारच्याच्या फोनवर कधी उमटलीच नाही, तर ते दोघं भांडूसुद्धा शकत नाहीत. चहाच्या टपरीवरचं वर्तमानपत्र या बाबतीत उजवं होतं. जिल्हा परिषदेची बातमी नको असलेल्याच्याही नजरेखालून ती जायची, कारण पान सर्वांना एकच होतं.

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानुसार 2023 पासून सर्वांत मोठ्या सेवांना, वापरणाऱ्याची कुंडली न मांडता बनवलेल्या यादीचा पर्याय द्यावाच लागतो. भारताच्या 2023 च्या विदा संरक्षण कायद्यात मुलांवर अशी पाळत ठेवायला मनाई आहे, पण प्रौढांना साधी यादी देण्याची सक्ती नाही. ती व्हायला हवी. तो पर्याय मराठीत हवा, पहिल्याच पडद्यावर हवा, आणि बातम्यांपुरता तरी आधीपासून चालू हवा. आपल्या आवडीचं पान ज्याला हवं, त्याने ते मागून घ्यावं.