शब्द देण्यापूर्वी

गृहस्थाश्रमी सज्जनहो, आज भारतातील कित्येक घरांतून मुलांची दृष्टी अमेरिकेतील महाविद्यालयांकडे लागलेली असते. तेथे ‘अर्ली डिसिजन’ नावाची एक प्रवेशपद्धती आहे. विद्यार्थ्याने आपल्या सर्वांत आवडत्या एकाच महाविद्यालयाकडे, बहुधा 1 नोव्हेंबरच्या सुमारास, अर्ज करावयाचा. आणि प्रवेश मिळाल्यास तेथेच येईन, अन्यत्रचे सर्व अर्ज मागे घेईन, असे लिहून द्यावयाचे. निकाल डिसेंबरच्या मध्यास कळतो. त्या लेखावर मुलाबरोबर आईची वा वडिलांची आणि शाळेतील समुपदेशकाचीही स्वाक्षरी असते. तेव्हा तो नुसता अर्ज नव्हे. ते साऱ्या घराने दिलेले वचन होय.

वचन कसे द्यावे? दशरथाने कैकेयीची मागणी ऐकण्यापूर्वीच रामाची शपथ घेतली. मूल्य मागाहून कळले, आणि ते त्याला प्राणांनी चुकवावे लागले. देवव्रत मात्र दाशराजाच्या दारी गेला, त्याची अट ऐकली, त्या अटीमागील शंकाही ऐकली, आणि मग प्रतिज्ञा उच्चारली. दोघेही सत्यवचनी. (भीष्मांची ती प्रतिज्ञा पुढे कुरुकुलास जड गेली, परंतु तो विषय निराळा.) एकाने शब्दानंतर मूल्य जाणले, दुसऱ्याने मूल्य जाणून शब्द दिला.

येथील मूल्य लहान नाही. अनेक नामांकित खासगी विद्यापीठांत शिक्षणशुल्क, निवास आणि भोजन मिळून एका वर्षाचा खर्च 80,000 डॉलरांच्या वर गेला आहे, आणि पदवीस वर्षे लागतात चार. अर्थसाहाय्य किती मिळेल, हे स्वाक्षरीच्या वेळी निश्चित ठाऊक नसते. नेहमीच्या मुदतीत, जानेवारीच्या सुमारास, अर्ज करणारा विद्यार्थी निरनिराळ्या ठिकाणची पत्रे समोर ठेवून बहुधा 1 मेपर्यंत निवड करू शकतो. आधीच बांधून घेतलेल्यास तो ताळा पाहता येत नाही. शिवाय परदेशी विद्यार्थ्याने साहाय्य मागितले, तर बहुतेक महाविद्यालये प्रवेश ठरविताना ती मागणीही विचारात घेतात. आज मागू नये, पुढे पाहता येईल, असे म्हणावे, तर अनेक ठिकाणी मागाहून मागण्याची वाटच बंद असते. म्हणून ज्या घरात साहाय्याविना चार वर्षे निभणार नाहीत, त्या घराने ही स्वाक्षरी सहसा करू नये, असे आम्हांस वाटते. धाकट्या भावंडांचे शिक्षण आणि वृद्ध मातापित्यांचे औषधपाणी हीही गृहस्थाने दिलेली वचनेच आहेत, मग ती कागदावर नसोत.

पण मग लोक स्वाक्षरी का करतात? लवकर अर्ज केल्यास प्रवेश सुलभ होतो, हे ऐकून. आकडे तसे दिसतात खरे. परंतु त्या आकड्यांत खेळांसाठी आधीच निवडलेले विद्यार्थी आणि माजी विद्यार्थ्यांची मुले यांचाही मोठा भाग असतो. गीतेने निश्चयात्मक बुद्धी एकच असते असे सांगितले. एकाच ठिकाणी अर्ज केला म्हणजे ती बुद्धी प्राप्त झाली, असे मात्र नव्हे. संधी हुकेल या भयाने केलेली निवड बाहेरून निश्चयासारखीच दिसते. मुलाला जवळ बसवून विचारावे, “बाळ, लवकर अर्ज केल्याने कसलाही लाभ नसता आणि सर्व दारे उघडी असती, तरी तू येथेच गेला असतास काय?” उत्तर द्यावयास त्याला दोन दिवस लागले तरी लागोत, आणि त्या दोन दिवसांत शेजारच्या मुलाचे नाव घरात काढू नये. मन डळमळत असेल, तर हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशा काही ठिकाणी लवकर केलेला अर्ज बंधनकारक नसतो, हेही ध्यानी असू द्यावे.

आणि सर्व हिशेब करूनही, देऊ केलेले साहाय्य खरोखरच अपुरे ठरले तर? अशा प्रसंगी मुक्तता मागण्याची सोय त्या करारातच असते. महाविद्यालयास आपली स्थिती मोकळेपणाने कळवून तसे मागणे हा वचनभंग नव्हे. मात्र सुटण्याचा हेतू मनात ठेवूनच स्वाक्षरी करणे हे असत्य होय, आणि ते मूल आपल्या डोळ्यांनी पाहत असते. मुक्तता मागावयाची ती विलंब न लावता मागावी, कारण अन्य महाविद्यालयांच्या मुदती जानेवारीच्या आरंभीच संपू लागतात. तेथील अर्ज डिसेंबरच्या आधीच लिहून तयार ठेवावेत.