दूध, सूड आणि चौदावं वर्ष

तेत्सुया नाकाशिमा यांच्या २०१० च्या ‘कन्फेशन्स’ या जपानी चित्रपटात मोरिगुची बाई वर्गाला अगदी शांतपणे सांगतात: माझ्या लेकीला तुमच्यातल्याच दोघांनी मारलं, आणि आज त्या दोघांच्या दुधात मी एचआयव्हीबाधित रक्त मिसळलंय.

मुलं १३ वर्षांची. जपानच्या दंडसंहितेनुसार १४ खालच्यांना फौजदारी शिक्षा नाही. १९९७ च्या कोबेतल्या बालहत्यांनंतर बालगुन्हेगारी कायदा कडक झाला, पण ही रेघ हलली नाही.

मग पापाला वय असतं का? बौद्ध विचार कर्म शोधतो ते हेतूत, जन्मतारखेत नव्हे. पण म्हणून फळ पदरात टाकायचा मक्ता बाईंकडे येतो का? माणसं मारणारा अंगुलिमाल भिक्खू झाल्यावरही श्रावस्तीत त्याच्यावर दगड पडले. बुद्धांनी त्याला सोसायला सांगितलं. लोकांना ‘मारा’ असं सांगितलं नाही. फरक बारीक, पण सगळी मेख तिथेच आहे.

बाईंना ती कळत असावी. त्या दोघांपैकी शुयाला, त्याच्या आईलाच बॉम्बने उडवल्याचं ऐकवून, इथून तुझा उद्धार सुरू होतो, असं त्या म्हणतात. आणि पुढच्याच शब्दात त्या उद्धाराचीच थट्टा करून टाकतात.