बार्शीचा शोधनिबंध आणि कौंडण्यपूरची तपासणी

कर्करोगाच्या संशोधकाची योग्यता ठरवायची वेळ आली की निवड समितीपुढे आधी आकडे येतात: निबंध किती, सायटेशन्स किती, एच-इंडेक्स किती. एच-इंडेक्स हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली मांडला. तो 20 असेल, तर त्या संशोधकाच्या 20 निबंधांचा प्रत्येकी किमान 20 वेळा उल्लेख झाला, एवढंच कळतं. उल्लेख दाद देण्यासाठी झाला की खोडून काढण्यासाठी, हे कळत नाही. जिवाशी गाठ असलेल्या शास्त्रात ही उणीव फार महाग पडते, असं माझं मत आहे; आणि त्याचा पुरावा बार्शीत आहे.

बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातली बाई दुखणं अंगावर काढते, आपण होऊन दवाखान्याची पायरी चढत नाही. म्हणून नोंदणीचे कर्मचारीच गावोगाव जात, अंगावरून जाण्याची किंवा न भरणाऱ्या जखमेची तक्रार कुणाला आहे का, याची चौकशी करत आणि संशयित रुग्णांना तपासणीची वाट दाखवत. बार्शीतल्या या अनुभवाच्या बळावर ऑक्टोबर 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक मोठी चाचणी सुरू झाली. एका गटात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात गर्भाशयाच्या मुखाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावून पांढरा पडणारा भाग नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा. 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने निष्कर्ष छापला: एचपीव्ही गटात या कर्करोगाचे 34 मृत्यू, तर जवळपास तेवढ्याच मोठ्या चौथ्या गटात 64. तीही तपासणी प्रत्येकीची एकदाच झालेली. हा निबंध जगभर उद्धृत झाला. पण चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं नैतिक होतं का, हा गंभीर आक्षेपही घेतला गेला, आणि तो घेणाऱ्या प्रत्येक निबंधाने सायटेशनमध्ये एकाची भरच घातली. निबंधावर पहिलं नाव लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेतले शंकरनारायणन यांचं, पुढच्या नावांत बार्शीचे नेने आणि जयंत. दारोदार फिरणाऱ्यांचं श्रेय मात्र कोणत्याच निर्देशांकात बसत नाही.

उलट बाजूही पाहावी. कर्करोगाची जागतिक आकडेवारी छापणाऱ्या ‘सीए’ या अमेरिकी नियतकालिकाचा 2020 सालचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे दर लेखामागे होणाऱ्या उल्लेखांची सरासरी, पाचशेच्या वर गेला, कारण प्रस्तावनेत रुग्णसंख्या द्यायची म्हणून जो तो तोच लेख उद्धृत करतो. त्या आकडेवारीच्या मुळाशी बार्शीसारख्या नोंदण्या असतात. त्यांचा उल्लेख करायची तसदी क्वचितच कुणी घेतं.

यावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप असा, की आकडे काढून टाकले तर वशिला उरेल. आडगावच्या कॉलेजातल्या, कुणाचाही पाठिंबा नसलेल्या प्राध्यापकाला आकडाच तारतो. हे मला मान्य आहे, म्हणून आकडे फेकून द्या असं मी म्हणणार नाही. पण आकडा चाळणीपुरता ठेवावा आणि पुढे उमेदवाराचे चार-पाच निबंध समितीने खरोखर वाचावेत. ‘तेवढा वेळ कुणाला आहे?’ असं विचारणाऱ्यांनी मुंबईची स्तनतपासणीची चाचणी आठवावी. टाटा स्मारकाच्या इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी ती 1998 मध्ये सुरू केली, दीड लाखांहून अधिक स्त्रिया तीत होत्या, आणि मृत्यूंचा निकाल छापून आला 2021 मध्ये. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले होते. दरवर्षी निबंधांची मोजदाद होणाऱ्या तरुण संशोधकाने अशा कामाला हात तरी का घालावा?

निष्कर्ष गावापर्यंत पोचवणं हे सरकारचं काम, त्याचा जाब संशोधकाला का, असंही कुणी म्हणेल. जाब सरकारलाच विचारायचा. पण कोणता प्रश्न निवडायचा आणि उत्तर साध्या आरोग्यसेविकेला पेलेल असं शोधायचं की नाही, हे संशोधकाच्याच हातात असतं. विद्यापीठांनी निदान तेवढं तरी विचारावं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये प्राथमिक तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीचीच शिफारस केली. मात्र 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या फक्त 1.9 टक्के. म्हणून अमरावती विद्यापीठाने आणि जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने मिळून तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपुरापासून ही तपासणी सुरू करावी, आणि ती नेटाने चालवणाऱ्या संशोधकाच्या बढतीत ते काम निबंधांच्या बरोबरीने धरावं.