चोर की संन्यासी?

कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचं घर आजही जपलेलं आहे. पुढच्या लहानशा खोलीत रस्त्याकडे उघडणारी खिडकी, तिच्याशी लावलेली खाट. पाहायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना एवढं ठाऊक असतं, की हा माणूस 26 एप्रिल 1920 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, क्षयानं गेला. विलायतेतल्या डॉक्टरांचा कौल शेवटी क्षयाकडेच झुकला होता आणि परत आल्यावर मद्रासकडच्या डॉक्टरांनीही तोच धरून उपचार केले. 1994 साली डी. ए. बी. यंग या अभ्यासकानं जुनी पत्रं आणि नोंदी पुन्हा वाचून दुसराच संशयित उभा केला: आतड्यातून यकृतात जाऊन बसलेला अमीबा.

यंग यांचा धागा 1906 सालापासून निघतो. त्या वर्षी मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात असताना रामानुजन यांना जोराची आव झाली आणि शिक्षण तसंच टाकून त्यांना कुंभकोणमला परतावं लागलं. अमीबा आतड्यात वर्षानुवर्षं मुकाट राहू शकतो आणि पुढे केव्हातरी यकृतात गळू करू शकतो. 1917 पासून केंब्रिजमध्ये सुरू झालेला येऊन-जाऊन ताप आणि घटत गेलेलं वजन त्याच्याशी जुळतं. तिथल्या डॉक्टरांनी आधी जठरातला व्रण म्हटलं, मग क्षय, मध्येच एकाला यकृताच्या कॅन्सरची शंका आली. चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची: अमीबावर एमेटिनची इंजेक्शनं गुणकारी ठरतात, हे लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात 1912 सालीच दाखवलं होतं.

मला हा युक्तिवाद आवडतो, पण सिद्ध झाला असं म्हणवत नाही. तपासायला ना आतड्याचा तुकडा उरला आहे, ना काचपट्टी. पण 1918 मधल्या डॉक्टरांनाही क्षय दिसला, तो बहुधा तेव्हा जिकडेतिकडे क्षयच होता म्हणून. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं आपण कोर्टकचेरीबद्दल म्हणतो. आतड्याच्या वैद्यकाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मला याच म्हणीभोवती फिरताना दिसतो.

जंतूंच्या आधीच्या काळात हा पेच नव्हता. कुंभकोणमपासून चाळीसेक किलोमीटरवर तंजावरला दुसऱ्या सरफोजी राजांनी धन्वंतरी महाल चालवला. तिथं आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा सगळ्या पद्धतींची औषधं पारखली जात आणि गुण आलेले पाठ रोगवार लावून तमिळ पद्यात बांधले गेले. भोसल्यांच्या दरबारातली ही वैद्यकी आपल्याकडे फारशी वाचली जात नाही, हे दुर्दैव. तिथला मुख्य प्रश्न औषधानं उतार पडतो की नाही, हा होता. रोग कोणी केला, हा प्रश्न सूक्ष्मदर्शकाबरोबर आला. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या पिढीनं तो इतक्या ठामपणे मांडला, की रोगट जागी जंतू सापडला की गुन्हा शाबित झाल्यासारखंच वाटू लागलं.

म्हणूनच फ्योदोर ल्योश या रशियन डॉक्टरची गोष्ट मोलाची वाटते. 1875 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये एका शेतकऱ्याच्या रक्ती आवेत त्यांना अमीबा दिसला. रुग्णाचा मळ कुत्र्यांच्या आतड्यात सोडून पाहिला, तर एका कुत्र्याला तसेच व्रण झाले. इतकं हाती असूनही ल्योश म्हणाले की अमीबा हे मूळ कारण नसावं. आधीच लागलेली आग तो धुमसत ठेवत असावा. पुढे कॉख यांना इजिप्तमधल्या शवविच्छेदनांत आतड्याच्या भिंतीत अमीबा मिळाला, 1891 साली बाल्टिमोरच्या कौन्सिलमन आणि लाफ्लर यांनी अमीबाची आव हा स्वतंत्र रोग म्हणून मांडला आणि ल्योश यांचा सावधपणा चुकीचा ठरला. त्या रोगापुरता तो खरोखरच चुकीचा होता.

मग गाडी दुसऱ्या टोकाला गेली. औषध हाती आलं की रोगही जास्त दिसू लागतो. मळात अमीबा दिसला की दे गोळ्या, असं आपल्याकडे दोन पिढ्या चाललं. पोट बिघडल्यावर मेट्रोनिडाझोलची पट्टी न आणलेलं घर विरळंच. खरं तर 1925 सालीच एमिल ब्रुम्प्ट या फ्रेंच शास्त्रज्ञानं सांगितलं होतं, की हुबेहूब सारखे दिसणारे दोन अमीबा आहेत, एक आतडं पोखरणारा आणि दुसरा निरुपद्रवी. सूक्ष्मदर्शकाखाली फरकच दिसेना, म्हणून त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही. रेणूंच्या पातळीवरचे पुरावे जमून ही दुसरी जात रीतसर मान्य व्हायला 1993 साल उजाडलं. अडुसष्ट वर्षं हा संन्यासी चोराच्या नावावर शिक्षा भोगत होता.

चोर की संन्यासी, हाच पेच आतड्यात आज ज्याच्याबाबत पडतो, तो सायटोमेगॅलो विषाणू, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडचा सीएमव्ही. याची जन्मकथाही अमीबाच्या घोळातच सुरू होते. 1881 साली ह्यूगो रिबर्ट यांना मृत जन्मलेल्या बाळाच्या मूत्रपिंडात अवाढव्य पेशी दिसल्या. 1904 मध्ये जर्मनीत तशाच पेशींचं वर्णन छापलं गेलं तेव्हा त्या अमीबासारखा कोणी एकपेशीय परजीवी ठरल्या. त्या आपल्याच शरीराच्या फुगलेल्या पेशी आहेत, हे 1921 मध्ये गुडपाश्चर आणि टालबट यांनी मांडलं. विषाणू प्रयोगशाळेत वाढवता आला तो 1956च्या सुमारास आणि 1960 साली टॉमस वेलर यांनी त्याला आजचं नाव दिलं.

मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस, त्याच्या बरोबरीनं वेगळ्या वाटेनं चालला होता. त्यात कोणताही जंतू सापडत नव्हता. शरीराचं संरक्षक दळच आतड्यावर उलटतं, असं मानलं जाऊ लागलं. 1955 साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिझोन या स्टेरॉइडच्या चाचणीचा निकाल जाहीर केला: कॉर्टिझोन घेणाऱ्यांपैकी 41 टक्के रुग्णांचा रोग शमला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 16 टक्क्यांचाच. संरक्षक दळाला आवरणं हाच उपाय झाला. पुढे 1961 साली शिकागोच्या डॉक्टरांनी कोलायटिसच्या एका रुग्णाच्या आतड्यात सीएमव्हीबाधित पेशी नोंदवल्या. दोन वाटा तिथं एकमेकींना छेदल्या आणि पेच तयार झाला. स्टेरॉइड दाह शमवतं, पण विषाणूला मोकळं रानही देतं.

सीएमव्ही बहुतेकांच्या अंगात असतोच. भारतात तर बहुसंख्य लोकांना तो लहानपणीच गाठतो, क्वचितच लक्षात येतो आणि मग अस्थिमज्जेतल्या पेशींत आयुष्यभर पडून राहतो. त्याच पेशींपासून तयार होणाऱ्या लढाऊ पेशी दाह झालेल्या आतड्याकडे धावतात आणि तिथं विषाणू जागा होतो. म्हणजे आग लागली म्हणून तो आला, की तो आल्यामुळे आग लागली? ल्योश यांचं 1875 सालचं वाक्य अमीबाला लागू पडलं नाही, पण सीएमव्हीला मापून बेतल्यासारखं बसतं.

दुर्बिणीच्या तपासणीत हा प्रश्न डोळ्यांसमोर येतो. आतडं लालभडक, जरा स्पर्श झाला तरी रक्त येणारं, मध्येमध्ये खोल, करवतून काढल्यासारखे व्रण. तुकडे घ्यायचे ते व्रणाच्या बुडातूनही, कारण विषाणू बहुधा खालच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात बसलेला असतो. वरवरचा पापुद्रा पाठवला तर तो निसटतो. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात पेशीचं केंद्रक घुबडाच्या डोळ्यासारखं दिसलं तर शंकाच नको, पण तसं दरवेळी दिसत नाही. मग प्रतिपिंडं वापरून खास रंग दिला जातो आणि बाधित पेशी तपकिरी उमटतात. विषाणूची जनुकं शोधणारी पीसीआर चाचणी त्याहून तिखट. ती इतका थोडा विषाणूही पकडते, की नुसता जागा झालेला विषाणू आणि आतडं नासवणारा विषाणू यांत ती भेद करेलच असं नाही. ब्रुम्प्ट यांच्या वेळी साधन आंधळं होतं. आताचं साधन जरा जास्तच पाहतं.

भारतात यात आणखी एक गुंता. आतड्याचा क्षय क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या दाहासारखा दिसतो आणि अमीबाचा कोलायटिस अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा. अमीबा न ओळखता स्टेरॉइड दिलं तर आतडं फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून जुने डॉक्टर स्टेरॉइड लिहिण्याआधी मळ तपासायला लावतात. तो शहाणपणा आहे, जुनाटपणा नव्हे.

2007 साली जपानी संशोधकांनी दाखवलं, की कोलायटिसच्या रुग्णांत रक्तात जागा झालेला सीएमव्ही वारंवार दिसतो आणि विषाणूविरोधी औषध न देताही तो पुष्कळदा आपोआप मावळतो. म्हणजे तिथं तो संन्यासीच. पण स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या, व्रणाच्या बुडातल्या पेशी भरपूर रंगलेल्या रुग्णांत गॅनसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधानं आतडं वाचल्याची उदाहरणंही आहेत. गॅनसायक्लोव्हिर अस्थिमज्जेला दाबतं, पांढऱ्या पेशी घटवतं, त्यामुळे ते ‘असू दे’ म्हणून देता येत नाही. किती पेशी रंगल्या म्हणजे पुरे, यावर एकमत नाही. सगळा प्रश्न मधल्या रुग्णांचा आहे: शिरेतून स्टेरॉइड देऊन तीन ते पाच दिवस झाले, शौचाच्या खेपा आणि रक्त थांबत नाही आणि अहवालात चार-दोन पेशी तपकिरी आहेत.

अशा वेळी एक वाट शस्त्रक्रियेची, आतडं काढून टाकण्याची. दुसरी इन्फ्लिक्सिमॅबची. प्रतिकारशक्ती आणखी दाबणारं औषध विषाणू असताना द्यायचं म्हणजे आगीत तेल, असं प्रथम वाटतं. पण हे औषध टीएनएफ नावाच्या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला आवरतं आणि निजलेल्या सीएमव्हीला जागं करण्यात त्याच टीएनएफचा हात असतो. म्हणून काही तज्ज्ञ गॅनसायक्लोव्हिर आणि इन्फ्लिक्सिमॅब दोन्ही एकाच वेळी सुरू करतात.