एक जूनची माणसं

“मामा, आठशे वर्षांपूर्वीच्या दगडाची तारीख या लोकांना पाठ आहे, आणि तुम्हाला तुमची स्वतःची माहीत नाही!”

भाचा हे हसत हसत म्हणाला. सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमध्ये उभे होतो, म्हणून आवाजही खाली होता. त्याच्या मनात खोट नव्हती. तरी ते वाक्य बाभळीच्या काट्यासारखं रुतलं, ते परतीच्या गाडीत बेसिंगस्टोक येईपर्यंत निघालं नाही. झालं असं, की तिथल्या वाटाड्या बाईंना त्यानं उत्साहाच्या भरात सांगून टाकलं, आज आमच्या मामांचा वाढदिवस. बाईंनी तोंडभरून शुभेच्छा दिल्या आणि तितक्याच कौतुकानं सांगितलं, की या इमारतीलाही वाढदिवस आहे: 28 एप्रिल 1220 ला पायाचे दगड बसवले. मी मान डोलावली. माझ्या पासपोर्टावर 1 जून 1966 आहे. ती तारीख का आणि कशी खोटी, हे त्यांना इंग्रजीतून समजावणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. मराठी वाचकाला ते समजावण्याची गरजच नाही.

ज्या घरात एक जूनचा माणूस नाही असं घर आमच्या नगर जिल्ह्यात हुडकावं लागेल. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी सांगत, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला, की सहा वर्षं पुरी. शाळा जूनमध्ये उघडणार, म्हणून सहा वर्षं मागे मोजायची आणि एक जून लिहायचं. या हिशेबाचं दुसरं टोक अठ्ठावन्न वर्षांनी हाती येतं. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे 31 मेला शाळा-कचेऱ्यांतून निरोप समारंभांची रांग लागते. तिकडे चौंडीला त्याच दिवशी अहिल्यादेवींची जयंती. जिल्ह्यात त्या दिवशी हारांचा भाव चढत असावा. 31 मे 2024 ला मीही एक हार घालून घेतला, आणि पुढच्या वर्षी भाच्यानं तिकीट काढून विलायतेला नेलं.

तारीख आणि खूण यांत मी पहिल्यापासून फरक करत आलो. तारीख दुसऱ्याला सांगायला असते, खूण आपल्याला आठवायला. तारखेला साक्षीदार लागत नाही, शिक्का लागतो. खुणेला शिक्का नसतो, पण तिच्याभोवती माणसं, गुरं, पाऊसपाणी असं सगळं उभं असतं. माझ्या जन्माबद्दल आईकडे दोन खुणा आहेत. पहिली, पोळ्याचा दुसरा दिवस. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता. दुसरी, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू रांगत होतास, तुला उचलून मी अंगणात पळाले. तारीख विचारली तर ती आजही म्हणते, “ते तुमच्या गुरुजीला ठावं.”

भाचा संगणकातला माणूस. त्यानं गाडीतच मोबाइलवर पंचांग उघडलं. 1966 साली श्रावण अधिक आला होता, म्हणजे पोळा लांबला, सप्टेंबरच्या मध्यावर गेला. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा. “म्हणजे मामा, तुम्ही तेव्हा सव्वा वर्षाचे. सव्वा वर्षाचं पोर रांगतं का? आणि पोळा 67 चा धरला तर भूकंपाच्या वेळी तुम्ही तीन महिन्यांचे, तेव्हा तर रांगणं शक्यच नाही. आजीची एक खूण तरी चुकलीय.” चेहऱ्यावर असा आनंद, जणू तलाठ्याच्या उताऱ्यातली चूक पकडली.

मी म्हणालो, उशिरा चाललो असेन. तसा मी सगळ्यातच उशिरा. पण मनातून चिडलो होतो. पायाखालची जमीन हलत असताना जी बाई लेकरू काखेत मारून दाराबाहेर धावली, तिनं ते रांगतं होतं की चालतं, याची नोंद ठेवायची होती काय? हा मुलगा आईच्या आठवणीला हजेरीपटाचे नियम लावतो. आमच्या घराण्यात शिक्षक मी, आणि तपासणी अधिकारी हा.

माझ्या बाजूनं पहिली साक्ष त्या कॅथीड्रलातच मिळाली. तिथे एक लोखंडी घड्याळ आहे. 1386 सालच्या एका नोंदीवरून, जगातलं सर्वांत जुनं चालतं घड्याळ म्हणून ते दाखवतात. त्यावर जाणकारांत वाद आहेत. मला त्याच्या वयाशी कर्तव्य नव्हतं. मी पाहत राहिलो, कारण त्याला तबकडी नाही, काटे नाहीत. दोऱ्यांना टांगलेल्या वजनांवर चालतं आणि तासाला टोला देतं, बस. ते करणाऱ्यांना ‘किती वाजून किती मिनिटं’ हा प्रश्नच पडला नव्हता. प्रार्थनेची वेळ झाली, एवढं गावाला ऐकू गेलं की पुरे. हे घड्याळ माझ्या आईचं, असं मी भाच्याला म्हटलं. त्यानं फोटो काढला.

दुसरी साक्ष त्या 28 एप्रिलचीच. पाया घातल्याचा दिवस तो जन्मदिवस, हे ठरवलं कोणी? मुख्य इमारतीला अडतीस वर्षं लागली. 123 मीटर उंच ज्या सुळक्यासाठी लोक येतात, तो तर पुढच्या शतकात चढवलेला. पाया खोदला होता जेमतेम चार फूट, खाली नदीकाठचा वाळूगोटा. त्यावर हा हजारो टन बोजा नंतर आला, आणि मधले खांब वाकले. वाकलेले डोळ्यांना दिसतात. फरशीतला एक दगड उचलून, खाली काठी सोडून पाण्याची पातळी बघतात, म्हणजे पाया ओलसर राहिला की नाही ते कळतं. आमच्याकडे विहिरीत काठी टाकून पाणी बघतात ते प्यायला मिळेल का म्हणून. इथे देऊळ उभं राहील का म्हणून. (पाणी या विषयावर नगरचा माणूस बोलायला लागला की थांबत नाही, म्हणून मीच थांबतो.)

आणि आमचं शहर? 28 मेला नगरचा स्थापना दिन साजरा होतो, साल 1490. पण ती तारीख लढाईची. भिंगारजवळ अहमद निजामशहानं बहमनी फौजेला हरवलं, तो हा दिवस. शहर वसवायला घेतलं ते 1494 मध्ये. म्हणजे नगरच्याही जन्माची तारीख कुणा गुरुजीनं मागे मोजूनच लिहिली. आता तर नावही नवीन मिळालं. बसच्या पाटीवर अहिल्यानगर आहे आणि वाहक अजून “नगर, नगर” ओरडतो. तारखेची आणि नावाची अशी गत असलेल्या गावचा मी, मला 1 जूनची लाज का वाटावी? इथं भाचा गप्प बसला. तो हरला म्हणून की पुढ्यात केक आला म्हणून, ते सांगता येत नाही.

इथंच हा लेख संपला असता तर मी खुशीत असतो. पण त्या दिवशी सकाळचाही एक भाग आहे. रविवार होता, प्रार्थना आटोपेपर्यंत पाहुण्यांना आत सोडत नव्हते, म्हणून आम्ही आधी गावाबाहेरच्या ओल्ड सॅरम टेकडीवर जाऊन आलो. मूळ गाव तिथलं. किल्ला होता, पहिलं कॅथीड्रलही तिथंच. वारा सोसवेना, पाणी पुरेना, किल्ल्यातल्या शिपायांचं आणि पाद्र्यांचं पटेना, तेव्हा बिशपानं देऊळ खाली कुरणात हलवलं आणि गाव हळूहळू त्याच्यामागे गेलं. आज वर मातीचे बांध आणि भिंतींचे बुंधे आहेत. मेंढरं मात्र आमच्यासारखीच.

गंमत पुढे आहे. ओसाड पडलेल्या त्या टेकडीचे दोन खासदार 1832 पर्यंत लंडनच्या संसदेत बसत होते. कागदावर मतदारसंघ शाबूत होता, त्यावर राहणारी माणसं नव्हती. बरीच वर्षं तो एका घराण्याच्या मुठीत होता. त्या घराण्याचा कर्ता थॉमस पिट, हिंदुस्थानच्या व्यापारात पैसा केलेला आणि पुढे मद्रासचा गव्हर्नर झालेला. त्याचा नातू विल्यम पिट 1735 मध्ये इथूनच निवडून गेला आणि नंतर इंग्लंडचा कारभार पाहू लागला.

टेकडीवर मी यावर पोट धरून हसलो होतो. संध्याकाळी गाडीत तेच आठवलं तेव्हा हसू आलं नाही. माणसं गेली तरी त्या टेकडीचा कागद शंभर-दोनशे वर्षं सत्ता भोगत राहिला. आणि आमच्याकडे माणसं ढीगभर होती, कागद नव्हता, म्हणून त्यांना कोणी मोजत नव्हतं. दुपारी चॅप्टर हाउसमध्ये मॅग्ना कार्टा पाहिला होता, राजाकडून सरदारांनी लिहून घेतलेली सनद, 1215 च्या उरलेल्या चार प्रतींतली एक. मेंढराच्या कातड्यावर मुंगीएवढी अक्षरं. राजानं शब्द दिला होता अशी खूण त्या सरदारांनाही पुरली नव्हती. त्यांना लिहून हवं होतं.

आता एक कबुली. मी स्वतः पाथर्डी तालुक्यात बरीच वर्षं शिकवलं. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं. जन्म कधीचा विचारलं की आई सांगायची, कारखान्यावर झाला, थंडी होती. कोणता कारखाना? ते आठवत नाही. खूण होती, पण दाखला मागणाऱ्याला ती चालणार नव्हती. मी कान धरायला लावला आणि एक जून लिहिलं. तारखांना नावं ठेवणारा मी, कितीतरी मुलांना तीच एक तारीख वाटत बसलो होतो. एकदा मन बंड करून उठलं. एका मुलीच्या नावापुढे 3 जानेवारी लिहिलं, सावित्रीबाईंचा वाढदिवस. आठवड्याभरात बाप दारात. “गुरुजी, सगळ्या पोरांची एक जून, आन् माझ्याच पोरीची येगळी का? पुढं काही नडंल का?” मी खाडाखोड केली आणि खाली सही केली.

त्याचं बरोबर होतं, हे मला सॉल्सबरीहून परतताना कळलं. त्याला पोरीचा जन्म कधीचा ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यासाठी तो माझ्याकडे आला नव्हता. त्याला हवी होती ती चारचौघांसारखी, कुणी बोट ठेवणार नाही अशी तारीख. माझ्या गुरुजींनी मला हेच दिलं असणार. त्यांच्या लेखी एक जून हा माझा जन्मदिवस नव्हताच. बैलांमागे जाणारं एक पोर त्या दिवसापासून हजेरीपटात आलं, त्याची ती तारीख. तिच्यावर मी डी.एड. झालो, पगार घेतला, पेन्शन घेतो, आणि परवा हीथ्रोला त्या काचेमागच्या अधिकाऱ्यानं तीच पाहून शिक्का मारला. खूण खरी आणि तारीख खोटी, हे माझं जुनं तुणतुणं. गाडीत मला त्याची तार सैल झालेली जाणवली. भाच्याला हे सांगितलं नाही. तो झोपला होता.

मोबाइल उघडला. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या गटात सकाळपासून शुभेच्छांचा पूर लोटला होता. केक, फुलं, जोडलेले हात, गजाननाचे फोटो. अर्ध्याहून जास्त गट आज जन्मलेला. मी सुळक्याचा फोटो टाकला. लगेच एकानं लिहिलं, “वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा सर, मंदिर छान आहे.”

मी लिहिलं, “तुम्हालाही.”