घेणारा चोर कधी होतो? (गीता, अध्याय ३, श्लोक १२)



आजचं वाचन: अध्याय ३, श्लोक १० ते १६. चिंतनासाठी श्लोक १२.

कर्मयोगाच्या अध्यायात भगवान एकदम कडक शब्द वापरतात. सृष्टी आणि माणूस यांनी एकमेकांना देत-घेत राहावं, अशी व्यवस्था सुरुवातीपासून लावून दिली आहे, असं ते आधी सांगतात. आणि मग १२व्या श्लोकात म्हणतात की, मिळालेलं जो परत काहीही न देता नुसतं भोगतो, तो चोर. आळशी म्हणत नाहीत, अज्ञानी म्हणत नाहीत. सरळ चोर.

मला हा शब्द बरेच दिवस खटकायचा. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची वस्तू त्याच्या नकळत घेणं. पाऊस, माती, हवा यांचा मालक कोण? तक्रार कोण करणार? शिवाय देणाऱ्याने आपल्या हाताने दिलंय. मग घेणारा चोर कसा?

आज या एकाच प्रश्नाशी थांबूया.

ग्लोबल फूटप्रिंट नेटवर्क नावाची एक संस्था दरवर्षी एक तारीख काढते. पृथ्वी एका वर्षात जेवढं परत निर्माण करू शकते (लाकूड, मासे, धान्य, आपला धूर शोषून घेण्याची जंगलांची ताकद, असं सगळं धरून), तेवढं माणसांनी कोणत्या दिवशी संपवलं, ती ही तारीख. २०२५ मध्ये ती २४ जुलै होती. हिशोब अंदाजाचा असतो, एक-दोन आठवडे इकडे-तिकडे होतील. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून दरवर्षी ती तारीख ३१ डिसेंबरच्या आधीच येते आहे. २४ जुलैनंतरचे १६० दिवस आपण काय खाल्लं? मुद्दल खाल्लं. आपल्या आजी-आजोबांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. व्याजावर घर चालतं, मुद्दलाला हात लावायचा नसतो आणि दुष्काळातसुद्धा पेरणीचं बियाणं दळायला काढायचं नसतं, हे त्यांना पाठच होतं.

आता गंमत बघा. २४ जुलै २०२५ ला आपल्याकडे आषाढ अमावास्या होती. दीप अमावास्या. आणि हो, तीच ती ‘गटारी’! दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. म्हणजे वर्षभराचं सगळं खाऊन संपवण्याचा जगाचा दिवस आणि आपल्या गटारीचा दिवस एकच आला. योगायोगच तो. पण मला त्यात फरक जास्त दिसला. आपल्या पंचांगात गटारीनंतर श्रावण येतो. ज्या घरात आदल्या रात्री ताटावर ताट चढलं, तिथे दुसऱ्या दिवसापासून महिनाभर हात आवरला जातो. जगाच्या कॅलेंडरमध्ये २४ जुलैनंतर २५ जुलै येतो आणि गटारी चालूच राहते.

तर मूळ प्रश्न. चोरी कुणाची?

पृथ्वी फार मोठी आहे, म्हणून आपल्या पायाखालचं उदाहरण घेऊ. आमच्या सोसायटीत तीन बोअर आहेत. एप्रिलमध्ये दोन कोरड्या पडतात आणि टँकर सुरू होतात. यंदाच्या सभेत चौथी बोअर घ्यायचा प्रस्ताव आला, ९०० फुटांची. एक काका म्हणाले, “जमीन आपली, तर खालचं पाणीही आपलंच. कुणाला विचारायचं काय त्यात?” बऱ्याच माना डोलल्या.

काका कायद्याच्या दृष्टीने अगदीच हवेत बोलत नव्हते. १८८२ चा एक इंग्रजांच्या काळातला कायदा आहे, सुविधाधिकारांचा. जमीन ज्याची, त्याला तिच्याखालचं पाणी उपसायचा हक्क, ही समजूत त्यातून आली. पण जमिनीखाली कुंपण नसतं. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. हा कातळ स्पंजासारखा पाणी धरत नाही. वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये जेवढं मावेल तेवढंच. वरच्या थरात दरवर्षीचा पाऊस मुरतो आणि दरवर्षी वापरला जातो. हे व्याज. खूप खोलच्या भेगांमध्ये पाणी फार हळू पोचतं. ते एकदा उपसलं की पुढच्या पावसाळ्यात भरून येईलच असं नाही. म्हणूनच महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खालच्या विहिरीला ‘खोल विहीर’ म्हणून वेगळं काढलं आणि तिच्यावर निर्बंध घातले. आणि आमचा प्रस्ताव ९०० फुटांचा!

आपण खोल गेलो की शेजारच्या वस्तीतल्या उथळ विहिरीचं पाणी खाली जातं. ती विहीर कुणाची? ज्याच्याकडे खोल जायला पैसे नाहीत त्याची. टँकरचंही तेच. एकदा टँकरवाल्या दादांना विचारलं, पाणी कुठून आणता? म्हणाले, “गावाकडच्या विहिरीवरून, दुसरं कुठून!” आपण पैसे मोजतो, पावती मिळते, म्हणून ते विकत घेतलं असं वाटतं. पण पैसे कुणाला दिले? उपशाला आणि डिझेलला. पाण्याला कुणीच काही दिलं नाही. पाऊस पाडणाऱ्याला नाही, मुरवणाऱ्या मातीला नाही, त्याच पाण्यावर जगणाऱ्या शेजाऱ्याला तर नाहीच. भगवान म्हणतात ते हेच: परत काही न देता भोगणं. पावती असली तरी.

इथे दोन शंका येतात, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली: “माझ्या दोन बादल्यांनी काय फरक पडतो?” प्रामाणिकपणे सांगायचं तर फार पडत नाही. २०२० मध्ये सगळं जग घरात बसलं होतं. विमानं बंद, कारखाने बंद. तरी ती तारीख फक्त २२ ऑगस्टपर्यंत सरकली. देशातल्या भूजल उपशातला ८५ टक्क्यांहून जास्त वाटा शेतीचा आहे. पंजाबात दरवर्षी जेवढं मुरतं त्याच्या दीडपटीहून जास्त उपसलं जातं, कारण कमी पावसाच्या त्या प्रदेशाने सगळ्या देशासाठी भात पिकवावा अशी धोरणं आखली गेली. तेव्हा शॉवर बंद केला की पृथ्वी वाचली, असं मी तुम्हाला सांगणार नाही. आणि हेही खरं की सगळं जग सरासरी भारतीयासारखं राहिलं तर एक पृथ्वी पुरून उरेल. पण सरासरी हा फसवा शब्द आहे. मेळघाटातला मजूर आणि हिंजवडीतला दोन गाड्यांचा फ्लॅट एकाच सरासरीत बसतात. हे वाचणारे आपण बहुतेक त्यातल्या दुसऱ्या टोकाला आहोत.

म्हणून गीतेचा यज्ञ मला एकट्याचा उपास वाटत नाही. १६व्या श्लोकात भगवान चक्राबद्दल बोलतात, आणि चक्र एकट्याने फिरत नाही. लॉकडाऊनमध्ये आपण थांबलो ते भीतीने, यज्ञ म्हणून नाही. म्हणून भीती संपली आणि सगळं पूर्ववत झालं.

दुसरी शंका जास्त खोल आहे: “पुढच्या पिढ्या अजून जन्मलेल्याच नाहीत. जो नाही, त्याची चोरी कशी होईल?” याचं उत्तर मला आपल्या ऋणांच्या कल्पनेत मिळालं. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण, ही तीन ऋणं घेऊन माणूस जन्माला येतो असं आपली परंपरा मानते. पितृऋण कसं फेडायचं? वाडवडिलांना तर परत काही देता येत नाही, ते गेले. ते फेडायचं पुढच्या पिढीत. म्हणजे माझ्या मुलांना मी जे ठेवणार ती माझी मेहेरबानी नाही, तो माझा हप्ता आहे. कर्ज आधीच घेतलंय. ज्यांनी विहिरी बांधल्या, आमराया लावल्या, देवराई राखली त्यांच्याकडून. घेणेकरी जन्मला नाही म्हणून कर्ज बुडवायचं, याला चोरीच म्हणतात.

तुकोबांची गोष्ट इथे आठवते. १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ. घरात मृत्यू, दुकान बुडालेलं. आणि परंपरा सांगते की नंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. लोक आपलं देणं लागत होते, ते सोडून दिलं. आपण नेमकं उलट करतोय. न जन्मलेल्या पोरांच्या नावाने नवी खतं लिहितोय आणि त्यांची सही आपणच ठोकतोय.

मग परत द्यायचं म्हणजे करायचं काय? श्लोक १३ मध्ये दिशा आहे. यज्ञ करून जे उरतं ते खाणारे सज्जन सुटतात, आणि जे फक्त स्वतःसाठी रांधतात ते पाप खातात. ‘उरलेलं खाणं’ हे सूत्र आहे. आपल्याकडे अजूनही काही घरांत जेवणाआधी चित्राहुती घालतात, गाईचा घास काढतात, नैवेद्य दाखवतात. आधी दुसऱ्याचं, मग उरलेलं माझं, आणि त्या उरलेल्यालाच प्रसाद म्हणायचं.

हे पाण्याच्या बाबतीत करून दाखवणारं गाव आपल्याच राज्यात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली या कमी पावसाच्या गावाने आधी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदानातून पाणी मुरवायला सुरुवात केली. मग दरवर्षी गावात पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत पाडली. पाऊस किती झाला, मुरला किती. त्यातून आधी माणसांचं पिण्याचं पाणी, मग गुराढोरांचं, आणि उरेल त्यावर पिकं ठरवायची. पाऊस कमी तर पीकही कमी पाण्याचं. ऊस आणि केळी नाहीत, शेतीसाठी बोअर नाही. मला हा सरळ १३वा श्लोक वाटतो. आधी वाटा, मग शेष.

आणि ताळेबंद न मांडल्यावर काय होतं तेही आपण बघितलंय. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर प्रवास करून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. काही महिने या गाड्या धावत राहिल्या. ज्या भागात उसाला पाणी होतं, तिथे प्यायला रेल्वेने आणावं लागलं. शेष आधी खाल्लं आणि यज्ञ राहून गेला, याचं यापेक्षा स्पष्ट चित्र मला माहीत नाही.

आता थोडं गणित, कारण भक्ताला हिशोबाचं वावडं नसावं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो. १००० चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला ७ लाख लिटर. काही उडून जाईल, काही वाहून जाईल, तरी लातूरच्या त्या पहिल्या गाडीएवढं पाणी एका सोसायटीच्या डोक्यावर दरवर्षी पडतं आणि गटारात जातं. ९०० फूट खाली शोधायच्या आधी वर बघायला हवं. सभेत मी हे मांडणार आहे: आधी गच्चीचं पाणी मुरवायचं, प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवायचा, मग राहिलेल्या गरजेबद्दल बोलायचं. ठराव होईलच असं नाही. पण कर्मयोगाचा अध्याय वाचून फळाच्या हमीसाठी अडून बसणं काही बरं दिसत नाही!

काही जण मला म्हणतात, “जग मिथ्या आहे, तुम्ही नामस्मरण करा, बोअरचं काय घेऊन बसलात?” त्यांना एकच विचारावंसं वाटतं. भगवंताने अर्जुनाला जग सोडून जायला सांगितलं का? चक्र फिरवत राहायला सांगितलं. नाम घेणाऱ्या ओठांनाही पाणी लागतंच, आणि ते कुणाच्या तरी वाट्याचं नसावं एवढी काळजी घेणं हा नामाचाच भाग आहे.

आजचा संकल्प छोटा आहे. तुमच्या घरात येणारं पाणी नेमकं कुठून येतं ते शोधा. धरणाचं नाव, बोअरची खोली, टँकर भरतो त्या गावाचं नाव. देणारा माहीत नसेल तर परत द्यायचं कुणाला? सापडलं की उद्या सकाळी पहिला पेला पिताना त्या गावाचं नाव मनात घ्या.

उद्या श्लोक १३ सविस्तर वाचू.

राम कृष्ण हरी.