पाचवे कारण

सुरतच्या बमरोली-पांडेसरा पट्ट्यात यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारी खानदेशातून आलेली मराठी घरे आहेत. अशा घरातल्या मुलीची नीटमध्ये एमबीबीएसची जागा हुकली की दोन वाक्ये हमखास कानावर येतात: ‘नशिबातच नव्हतं’ किंवा ‘मेहनत कमी पडली’. पहिले ऐकून ती पुन्हा बसायचा विचार सोडते, दुसरे ऐकून स्वतःला दोष देत बसते. ही दोन्ही वाक्ये मला धर्मदृष्ट्याच चुकीची वाटतात. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, करणे म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर या ‘दैवा’चा अर्थ इंद्रियांच्या देवता असा घेतात, बोलीत तेच नशीब होते. अर्थ कोणताही घ्या, ते कर्त्याच्या हाताबाहेरचे आहे आणि ते पाचातले एक आहे. त्याच्याच पुढे, जो एकट्या स्वतःला कर्ता समजतो त्याला गीता मंदबुद्धी ठरवते. म्हणजे सगळे खापर नशिबावर फोडणारा आणि सगळे मेहनतीवर टाकणारा, दोघेही चारचार कारणे गाळतात.

2024 ची नीट यासाठी जवळून पाहण्यासारखी आहे. 23 लाखांहून अधिक मुले परीक्षेला बसली आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत होत्या. म्हणजे बहुतेकांना ‘नाही’ ऐकावे लागणार, हे पेपर फुटायच्या बातम्यांआधीच ठरलेले होते. त्यात भौतिकशास्त्राच्या पेपरात अणूंच्या स्थिरतेवरचा एक प्रश्न होता. बारावीच्या जुन्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे एक उत्तर, नव्याप्रमाणे दुसरे. आधी दोन्ही बरोबर धरली गेली. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत मागवले आणि एकच उत्तर ग्राह्य धरले. जुन्या पुस्तकावर भिस्त ठेवलेल्या चार लाखांहून अधिक मुलांचे चार गुण गेले, शिवाय चुकीच्या उत्तराचा एक कापला गेला. पूर्ण 720 गुण मिळवणारे 61 होते, ते 17 उरले. थोरल्याचे पुस्तक धाकटीने वापरणे ही आपल्या घरांची रीतच आहे. या पाच गुणांत त्या मुलीची कोणती मेहनत कमी पडली? इथे करण कमी पडले, म्हणजे साधन. आणि साधन पुढच्या वर्षी बदलता येते.

यावर कोणी म्हणेल, पुन्हा बसणे म्हणजे फळाची आसक्तीच नाही का? आसक्ती फळाची असते तशी कामाची ओढही असते, आणि दोन्ही एक नव्हेत. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे उदाहरण घ्या. त्यांना 1887 मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद भोग, असे सुनावले. त्यांनी कैद पत्करायची तयारी दाखवली. 1888 मध्ये तडजोड झाली, 1889 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, स्त्रियांसाठी काढलेल्या लंडनच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या आणि परतल्यावर याच सुरतेत स्त्रियांच्या रुग्णालयात त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ काम केले. त्यांचा नकार परीक्षेचा नव्हता, कितीतरी जड होता. पण पदवीनंतरची इतकी वर्षे पाहिली की त्यांना हवे होते ते नावापुढचे अक्षर नव्हे, रुग्णाची खाट होती, हे दिसते. ज्या मुलीला खरोखर ही खाट हवी आहे तिला नर्सिंग किंवा फिजिओथेरपी ही सांत्वनाची बक्षिसे वाटणार नाहीत, आणि तिने दुसऱ्यांदा नीटला बसण्यात लोभही नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. बारा तासांची रातपाळी करणाऱ्या बापाने आणखी वर्षभराची फी कुठून आणायची? निष्काम कर्म मुलीचे आणि कर्ज बापाचे, हा कसला न्याय? त्याला माझे उत्तर गीतेच्या त्याच श्लोकांत आहे. ती एकटी कर्ता नाही, म्हणून निर्णयही एकटीचा नाही. ड्रॉप घ्यायचा तर किती वर्षे, किती पैशांत, धाकट्याच्या शाळेला धक्का न लावता कसा, हे घराने आधी बसून ठरवायला हवे आणि ठरलेली हद्द पाळायला हवी. त्या बैठकीत उत्तरसूची आणि तिची उत्तरपत्रिका शेजारी ठेवावी. चुकलेला प्रत्येक प्रश्न घ्यावा आणि विचारावे: झोप उडालेला देह, जुने पुस्तक, अपुरा सराव, की आणखी काही? ज्यांची उत्तरे सापडतील ते प्रश्न पुढच्या वर्षाच्या वहीत जातील. न सापडणारे जे चार-दोन उरतील, तेवढेच दैवाचे.